मक्ता, अर्धेल आणि कापलेले दहा टक्के

'कंत्राटदार' म्हटलं की डोळ्यांसमोर जो माणूस येतो, गळ्यात जाड साखळी, दारात मोठी गाडी आणि खिशात आमदारसाहेबांचा नंबर, तो मी नव्हे. मी साधा सिव्हिल इंजिनियर आहे. अकरा वर्षं पगारावर काम केलं, आणि आता स्वतंत्रपणे करतो. दिघी आणि आसपासच्या बांधकामांवर मोजमापं घ्यायची, नकाशे तपासायचे, बिलासाठी क्वांटिटी काढून द्यायची. खाडीपलीकडे काम असलं की दिघीहून आगरदांड्याची लाँच पकडायची. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्या कागदांवर मी कधी 'सल्लागार' असतो, कधी 'कंत्राटदार'. कामात काही फरक नाही, पण बिलातून कापल्या जाणाऱ्या पैशात मात्र बराच फरक पडतो! पहिल्या नावाला दहा टक्के, दुसऱ्याला एक टक्का.

पगार होता तेव्हा कराचा विचार वर्षातून एकदाच यायचा. जानेवारीत विम्याच्या पावत्या जमा करा आणि जूनमध्ये फॉर्म सोळा घ्या, की झालं. आता लाखाचं बिल लावलं की खात्यात नव्वद हजार येतात. सुरुवातीच्या दिवसांत एका फर्मच्या अकाउंटंटला मी विचारलं, की बाबा रे, याचं पुढे काय करायचं असतं? तो म्हणाला, "टॅक्स कापलाय ना साहेब, आता तुम्हाला काही बघायला नको."

हे उत्तर मला काही पटेना. आमच्या शेजारी एक काका राहतात, निवृत्त तलाठी. संध्याकाळी ओटीवर बसून त्यांना ही गोष्ट सांगितली तर ते हसले. म्हणाले, "अरे, वसूल वेगळा आणि आकार वेगळा. तुझा वसूल झालाय. आकारणी कुठे झालीय अजून?"

आकार म्हणजे देणं किती ते ठरवणं, आणि वसूल म्हणजे ते घेणं. दोन वेगळी कामं. पण आपल्या भागाचा इतिहास चाळायला घेतला (पावसाळ्यात कामं बंद असतात, दुसरं करायचं काय!) तेव्हा लक्षात आलं की ही दोन कामं एकाच माणसाच्या हातात असणं, आणि तो माणूस ना सरकार ना रयत, असा मधलाच कुणीतरी असणं, हीच इथल्या कराची तीन-चारशे वर्षांची गोष्ट आहे. आणि गंमत म्हणजे त्या मधल्या माणसाचं नावच कंत्राटदार!

आधी शब्दच पाहा. 'कंत्राट' आपल्याकडे आलं पोर्तुगीजांबरोबर. आमच्या उत्तरेला रेवदंडा १७४० पर्यंत त्यांच्याकडेच होता. त्याआधीचा आपला शब्द 'मक्ता'. तो अरबीतून आला, आणि त्याचा जुना अर्थ रस्ते बांधण्याचं काम घेणं असा नाही, तर सरकारला ठरावीक रक्कम देऊन एखाद्या भागाचा किंवा बाबीचा महसूल वसूल करण्याचा हक्क घेणं असा. 'खोत' हा शब्दही तसाच. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) खोत म्हणजे जमीन महसुलाचा किंवा जकातीचा मक्ता घेणारा, आणि एकूणच कुठल्याही गोष्टीचा मक्तेदार. म्हणजे पूर्वीचा कंत्राटदार हा कर गोळा करणारा होता. आज कंत्राटदाराचाच कर दुसरे लोक गोळा करून सरकारला देतात. चक्र पुरतं उलटं फिरलंय.

ज्या माणसाने मराठी राज्यातल्या वसुलाची टक्केवारी बसवली, तो आमच्याच तालुक्यातला. दिघीचा तालुका श्रीवर्धन, आणि श्रीवर्धनचे भट देशमुख म्हणजे बाळाजी विश्वनाथांचं घराणं. देशमुखी हे मुळात वसुलीशीच जोडलेलं वतन. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले आणि १७१९ मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. मग त्या पैशाची वाटणी बसवली गेली. सरदेशमुखीचे दहा टक्के छत्रपतींचे, ते वेगळेच. चौथाईच्या शंभरातले पंचवीस 'राजबाबती', सहा 'साहोत्रा', तीन 'नाडगौडा', आणि उरलेले सहासष्ट सरदारांचा 'मोकासा'. प्रत्येक तुकड्याचा धनी वेगळा. राज्य पसरायला ही योजना उपयोगी पडली हे खरं. पण एका गावातून इतके वाटे काढायचे म्हणजे इतक्या वाट्यांचे कारकून आले. त्यांच्याकडे बघणाऱ्या पाटलाला आपलं एकूण देणं किती हे एका नजरेत कसं कळणार? माझ्या बिलावरच्या जीएसटी, टीडीएस, रिटेन्शन या ओळी वाचताना मला त्या पाटलाची आठवण होते.

पेशवाईच्या शेवटी तर मक्त्याचा कळस झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती लिलावासारख्या चढ्या बोलीला दिल्या जात. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात याचं वर्णन केलं आहे. ज्याची बोली मोठी त्याला मामलत, तो पुढे पोटमक्तेदारांना देणार, आणि प्रत्येकजण आपली रक्कम अधिक नफा खालच्याकडून काढणार. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची बोली वाढली तर याची मामलत गेली. मग रयत जगते की मरते याची काळजी त्याने का करावी? इथे आकारणी उरलीच नव्हती, नुसता वसूल उरला होता.

कोकणात हाच प्रकार खोतीच्या रूपाने कितीतरी जास्त टिकला. खोत सरकारला गावाचा सारा भरणार आणि कुळांकडून आपला हिस्सा घेणार. भातशेतीवर बहुधा निम्मं, त्याला म्हणत 'अर्धेल'. वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा, ती 'तिर्धेल'. पण निम्मं म्हणजे कशाचं निम्मं? त्यासाठी 'अभावणी' असे. पीक उभं असताना शेतात जाऊन, किती भात निघेल याचा अंदाज बांधायचा. या अंदाजावर कुळाचं वर्ष ठरायचं, आणि ज्याला अर्धं न्यायचं त्याचाच शब्द त्यात जड.

दिघी तेव्हा सिद्दींच्या जंजिरा संस्थानात होतं (ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं), आणि खोतीविरुद्धची मोठी लढाई उभी राहिली ती आमच्या उत्तरेला, इंग्रजी अमलाखालच्या कुलाबा जिल्ह्यात. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये कुळांनी संप केला. जमीन कसायचीच नाही असं ठरवलं, आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षं, ते उपाशी-अर्धपोटी राहून पाळलं. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडलं.

आता कुणी म्हणेल, की तुझ्या टीडीएसचा आणि चरीच्या संपाचा काय संबंध? दुःखाच्या मापाने काहीच नाही. वातानुकूलित कचेरीत बिल कापलं जाण्याची तुलना उपाशी राहण्याशी करणं हा आचरटपणा होईल. पण प्रश्न त्याच जातीचा आहे. माझं उत्पन्न किती हे कोण ठरवणार? घेणारा, मधला, की मी?

जमिनीचं झालं. ज्यांच्याकडे जमीन नाही, हातातली कला आहे, त्यांचं काय होतं? सुतार, लोहार, तेली, सोनार, वाणी? त्यांच्यावर 'मोहतर्फा' असे, म्हणजे धंद्यावरचा कर. माझ्यासारख्याचा खरा पूर्वज हा, खोत नव्हे. या कराचा इतिहास मोठा मजेशीर आहे. १८४४ मध्ये मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने शहर-जकाती, बलुत्यांवरच्या पट्ट्या आणि धंद्या-व्यवसायांवरचे सगळे कर एका कायद्याने रद्द केले. केवढं हे औदार्य! पण त्याच वेळी मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला. सुताराचा कर गेला, पण त्याच्या आमटीतलं मीठ महागलं. त्या ऑगस्टमध्ये सुरतेत दंगा झाला आणि मिठाचा कर बारा आण्यांवर आणावा लागला.

मग आलं १८५७. त्या बंडाने सरकारी तिजोरी रिकामी झाली आणि ती भरायला लंडनहून जेम्स विल्सनला धाडलं. 'इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारा तोच हा. त्याने १८६० मध्ये हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर आणला. वर्षाला दोनशे ते पाचशे रुपये मिळकतीवर दोन टक्के, त्याच्यावर चार. बिचारा विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आमांशाने गेला, आणि त्याचा करही १८६५ मध्ये संपला. त्यानंतर सरकार वीस वर्षं चाचपडत होतं. १८६७ मध्ये धंद्यांवर लायसन्स कर, १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तिकर, १८७३ मध्ये तो बंद, १८७८ मध्ये दुष्काळाच्या निमित्ताने पुन्हा लायसन्स कर (आणि सुरतेत पुन्हा दंगा!). शेवटी १८८६ चा कायदा आला आणि प्राप्तिकर कायमचा बसला. शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं होतं, आणि सरकारी नोकरांच्या पगारातून तो जागच्या जागीच कापून घेतला जाई.

सरकारला त्यात एक गोष्ट चांगली कळली होती. पगारदाराचं उत्पन्न दिसतं. ते एका हाताने दिलं जातं, त्यामुळे देतानाच कापता येतं. स्वतंत्र धंदेवाल्याचं दिसत नाही. त्याला आज चार माणसं देणार, उद्या कुणीच नाही. त्याची आकारणी करायची तर त्याच्या वह्या बघायला हव्यात, आणि इतक्या वह्या बघणार कोण? मग स्वतंत्र भारताच्या सरकारने पगारदाराची युक्ती धंदेवाल्यालाही लावली. १९७२ मध्ये कंत्राटदारांच्या बिलांतून कापणी सुरू झाली, आणि जुलै १९९५ पासून डॉक्टर, वकील, इंजिनियर अशा व्यावसायिकांच्या फीमधून. तेव्हा ती पाच टक्के होती, २००७ मध्ये दहा झाली. म्हणजे मला काम देणारी फर्म ही सरकारसाठी वसूल करणारी झाली. एका अर्थी नवा खोतच, फक्त नफा नसलेला!

पण (आणि सगळी मेख इथेच आहे) या नव्या खोताला आकारणीचा हक्क नाही. दहा टक्के हा माझा कर नव्हे, तो अंदाजाने आगाऊ घेतलेला वसूल आहे. माझा खरा कर किती हे मी वर्षाअखेर विवरणपत्रात मांडायचं असतं.

माझाच हिशेब सांगतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये माझी एकूण बिलं झाली १४ लाखांची. त्यावर दहा टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार कापले गेले. आता १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ४४ एडीए नावाचं कलम आहे, २०१६ च्या वित्त कायद्याने आलेलं. ठरावीक व्यवसायांसाठी (इंजिनियर त्यात आहेत) आणि वर्षाला ५० लाखांपर्यंत जमा असणाऱ्यांसाठी. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख. हे कलम सांगतं, की तुमच्या जमेतली निम्मी रक्कम उत्पन्न धरा, निम्मी खर्चात गेली असं आम्ही मानतो, वह्या ठेवायची सक्ती नाही. हे वाचल्यावर मी तसाच उठून काकांकडे गेलो. म्हटलं, काका, हे तर अर्धेल! काका म्हणाले, "अर्धेलीत अर्धं घेऊन जायचे. इथे अर्ध्याकडे फक्त बघणार आहेत. फरक आहे बाबा."

तर १४ लाखांचे निम्मे ७ लाख. नव्या करपद्धतीत त्या वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे माझं देणं शून्य, आणि कापलेले १ लाख ४० हजार सगळे परत मिळायचे! 'आता तुम्हाला काही बघायला नको' हे ऐकून मी गप्प बसलो असतो तर? हेच १४ लाख पगार म्हणून मिळाले असते, तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उपकरासह ८१,९०० रुपये कर बसला असता. पण म्हणून पगारदाराने माझा हेवा करू नये. ते निम्मे खर्चात धरतात ते उगाच नाही. लॅपटॉप माझा, लाँचचं भाडं माझं, पावसाळ्याचे रिकामे दिवस माझे, आणि भविष्य निर्वाह निधी शून्य.

ज्याचा खर्च खरंच निम्म्याहून जास्त आहे, त्याने काय करायचं? त्यालाही वाट आहे. वह्या ठेवायच्या, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षण करून घ्यायचं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अभावणी अमान्य करून स्वतःच्या खळ्यावरचं भात मोजून दाखवायची सोय कायद्यातच आहे. चरीच्या कुळाला ती कुणी दिली होती?

ज्यांचा कर निघतो त्यांनी हेही लक्षात ठेवायचं, की कापलेली रक्कम वजा जाता दहा हजार किंवा जास्त देणं उरत असेल तर ते आगाऊ भरायचं असतं. इतरांना चार हप्ते, पण अर्धेलवाल्यांना १५ मार्चपर्यंत एकच. बंदराकडे आलेल्या तरुण पोरांना हे कुणी सांगत नाही, आणि मग व्याज भरायची पाळी येते.

आता मधल्या माणसाची दुसरी बाजू. गेल्या हिवाळ्यात एका फर्मने (नाव जाऊ दे) माझ्या बिलातून अठरा हजार कापले. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत कापलेल्याची विवरणं ३१ जानेवारीपर्यंत द्यायची असतात. फेब्रुवारी उलटला तरी माझ्या पॅनखाली ते अठरा हजार दिसेनात. फोन केला की, "होईल हो सर." आमच्या घरात अठरा हजार म्हणजे मुलीच्या वर्षाच्या फीचा मोठा हिस्सा. काकांना सांगितलं तर म्हणाले, "दाखला माग. तोंडी बोलू नकोस. लेखी माग." कायदा असा, की एकदा तुमच्याकडून कापलेला कर सरकार पुन्हा तुमच्याकडून मागू शकत नाही. पण परतावा हवा तर तो नोंदीत दिसायला हवा. मी बिल, बँकेचा उतारा आणि कलमाचा नंबर जोडून ईमेल केलं. बारा दिवसांनी नोंद दिसली. माझ्या हातात कागद होता म्हणून. मक्त्याच्या काळात वही मक्तेदाराकडे असे. आज तिची एक प्रत पोर्टलवर माझ्यासमोर उघडी असते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या रडतखडत चालणाऱ्या पोर्टलला शिव्या घालणं कमी केलंय.

आणि मोहतर्फा? तो कुठेही गेलेला नाही! राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात राज्यांना धंद्या-व्यवसायांवर कर बसवायची मुभा आहे. १९८८ च्या दुरुस्तीनंतर त्याची कमाल मर्यादा वर्षाला अडीच हजार. महाराष्ट्राचा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याचा. नोकरीत तो पगारातूनच जायचा, स्वतंत्र झाल्यावर तीस दिवसांत आपणहून नोंदणी करून वर्षाचे २,५०० भरायचे. मी भरले. भरताना, १८४४ मध्ये सुटका झालेल्या त्या सुताराला हे कळलं तर तो काय म्हणेल, असा विचार मनात आला.

कायदाही आता बदलतोय. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा आला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. ४४ एडीएचा मजकूर त्यात ५८ व्या कलमात गेला. आकडे पुन्हा पाठ करायचे, दुसरं काय! २०२५-२६ चा हिशेब मात्र जुन्याच कायद्याने.

कर भरायला मला आवडतो असं काही नाही. कुणालाच आवडत नसावा. पण वर्षाअखेर विवरणपत्राच्या त्या रकान्यात स्वतःच्या उत्पन्नाचा आकडा स्वतः लिहिताना जे वाटलं ते अकरा वर्षांच्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. काकांना तो आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून, जुन्या सवयीने, बेरीज एकदा स्वतः करून पाहिली आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता याची एक प्रत काढून ठेव."

काढून ठेवली आहे. जीएसटीबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, जमा वीस लाखांच्या वर गेली की. तशी लक्षणं अजून तरी दिसत नाहीत!